जेमी ब्रांच यांचा अखेरचा अल्बम : जॅझच्या मांडीवर पंक आणि कंट्री

पंक (वेगवान, बंडखोर रॉक), कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाची गाणी) आणि जॅझ ऐकणाऱ्यांची मंडळे सहसा वेगवेगळी असतात. मीही अनेक वर्षे जॅझच्या पलीकडे फारसा गेलो नव्हतो. ट्रम्पेटवादक जेमी ब्रांच यांच्या ‘फ्लाय ऑर डाय फ्लाय ऑर डाय फ्लाय ऑर डाय ((वर्ल्ड वॉर))’ या अल्बमने मला उरलेल्या दोन्ही संगीतांकडे नेले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. शिकागोच्या इंटरनॅशनल ॲन्थम या कंपनीने तो ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकाशित केला. त्याआधी वर्षभर, २२ ऑगस्ट २०२२ रोजी, ब्रांच यांचे वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी निधन झाले होते. ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नेब्रास्कातील ओमाहा येथे पार पडले होते, आणि उरलेले काम त्यांच्या कुटुंबीयांनी व साथीदारांनी पूर्ण केले.

मुख्य वाद्यवृंद चौघांचा आहे : ब्रांच यांचा ट्रम्पेट आणि आवाज, लेस्टर सेंट लुई यांचा चेलो, जेसन अजेमियन यांचा डबल बेस आणि चॅड टेलर यांचे ड्रम्स. मात्र हे चौघे हाताशी येईल ते वाद्य वाजवतात, त्यामुळे मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य), बासरी आणि टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ढोल) हेही ऐकू येतात. पहिल्याच रचनेत ऑर्गनसारखा एक दीर्घ स्वर भरून राहतो आणि त्याखाली टिंपनीची घरघर चालू असते. तानपुऱ्याच्या स्वरात स्थिर होण्याची सवय असलेल्या कानाला इथे लगेच जागा सापडते.

या अल्बमचे खरे मर्म मला चौथ्या रचनेत, ‘द माउंटन’मध्ये सापडले. ॲरिझोनाच्या मीट पपेट्स या बँडने पंकच्या वेगात कंट्रीची चाल मिसळण्याचा उद्योग १९८४च्या सुमारासच केला होता, आणि त्यांच्या १९९४च्या अल्बममधील ‘कमिन डाउन’ हे गाणे ब्रांच यांनी येथे नव्या नावाने घेतले आहे. बेसच्या तारा बोटांनी छेडल्या जातात आणि त्यावर अजेमियन व ब्रांच असे दोघे मिळून गातात. दोघांचे आवाज तयारीचे नाहीत, किंचित खरखरीत आहेत. अंगणात बसून गाणाऱ्या शेजाऱ्यांसारखे ते एकमेकांना सांभाळून घेतात. पुढे ट्रम्पेट येतो तोही करामत दाखवण्यासाठी येत नाही, त्याच चालीत आपले कडवे म्हणून जातो. जॅझमध्ये मी इतकी वर्षे वादकाची तयारी मोजत आलो; साधी चाल साधीच ठेवायलाही किती धीर लागतो, हे मला या गाण्याने दाखवले.

पंकचा आवेश ‘बर्निंग ग्रे’ आणि ‘टेक ओव्हर द वर्ल्ड’ या दोन रचनांत उघडपणे येतो. ब्रांच गातात त्यापेक्षा हाकारतात जास्त. लढायला विसरू नका, एवढेच त्यांचे सांगणे आहे आणि ते त्या पुन्हा पुन्हा सांगतात. ‘टेक ओव्हर द वर्ल्ड’मध्ये जग ताब्यात घेऊन ते जमिनीला परत देण्याची घोषणा टेलर यांच्या धावत्या ड्रम्सवर इतकी चढत जाते की पाय आपोआप ठेका धरतात. तिच्या उत्तरार्धात आवाजावर केलेले इलेक्ट्रॉनिक संस्कार मला थोडे लांबल्यासारखे वाटले. ‘बोलिंको बेस’ ही रचना तर, रंगत येते न येते तोच संपते. त्याउलट ‘बाबा लुई’ ऐसपैस आहे : जत्रेत शोभावी अशी नाचरी लय, बासरीची लकेर, आणि मग हळूहळू वेगळ्याच मनःस्थितीकडे वळणारा प्रवास.

जॅझ नवे असणाऱ्यांनी सुरुवात ‘द माउंटन’पासून करावी आणि मग पहिल्या रचनेकडे परतून सर्व नऊ रचना सलग ऐकाव्यात. आवाज मोठा ठेवावा, कारण बेसचा खर्ज लहान स्पीकरवर हरवतो. ब्रांच यांचे याआधीचे ‘फ्लाय ऑर डाय’ मालिकेतील २०१७ आणि २०१९चे अल्बमही मी त्यानंतर मिळवून ऐकले; पहिल्यात ट्रम्पेटच बोलतो, दुसऱ्यात त्या प्रथमच गायला लागतात, आणि तिथून ‘द माउंटन’पर्यंतचे अंतर फार थोडे उरते.