मिनी ट्रॅक्टरची टायर चेन काळ्या रानात: एक पावसाळा वापरल्यानंतर

सोयाबीनची पोती आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरून आणताना मागच्या डाव्या चाकाच्या चेनची (चिखलात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळ्यांची जाळी) एक आडवी साखळी तुटली आणि सुटलेलं टोक मडगार्डवर आदळत फिरलं. ट्रॅक्टर थांबेपर्यंत पत्रा फाटला होता. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "सर, वॉरंटी बर्फातल्या वापरासाठी आहे." माझा पत्ता परभणी जिल्ह्याचा आहे, बिलावर तोच छापलाय, आणि माल पाठवताना तो त्यांनी वाचला होता. पैसे घेताना चिखल चालतो, वॉरंटी देताना चालत नाही, हे मला मान्य नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्रॅक्टर १८ एचपी गटातला, फोर व्हील ड्राइव्ह, मागचे टायर ८-१८. चेन लॅडर नमुन्याची, म्हणजे टायरच्या दोन्ही बाजूंनी एकेक लांब साखळी आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या. जाहिरातीत हीच चेन बर्फात चालणाऱ्या एटीव्हीला (जाड टायरची छोटी चारचाकी बाइक) लावलेली दाखवली होती. जोडीला साडेअकरा हजार पडले. आखाडा ते डांबरी रस्ता सगळी पाणंद काळ्या मातीची. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी कसं पडलं ते इथं सांगायची गरज नाही. रोजचं दूध बाहेर काढायचं आणि दर वेळी शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर ओढायला बोलवायचा, त्याचं डिझेल द्यायचं, हे परवडत नव्हतं.

पहिले काही दिवस मी खूश होतो. पाऊस चालू असताना पाणंदीत राबडी होते, वर पातळ चिखल आणि खाली मुरूम. तिथं चेन चिखल कापून मुरमाला धरते आणि ट्रॅक्टर सरळ निघतो. बर्फातही ती अशीच काम करते, वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट थराला धरते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मग पाऊस उघडला. दोन दिवस ऊन पडलं, वापसा अजून आला नव्हता, म्हणजे माती कामाला येण्याइतकी सुकली नव्हती, आणि माती हाताला सोडेना अशी झाली होती. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातली चिकणमाती लोखंड असो की रबर, धरली की सोडत नाही. बर्फ फिरत्या चाकावरून झडून जातो. ही माती दोन आडव्या साखळ्यांच्या मध्ये बसली, तिच्यावर गवत आणि धसकटं चिकटली, आणि शे-दीडशे फुटांत चाक पुरणाच्या गोळ्यासारखं गुळगुळीत झालं. चेन दिसतसुद्धा नव्हती. पहारीनं माती काढायला लागलेला वेळ पाहता चेन नसती तर बरं झालं असतं.

पण माझी खरी तक्रार मातीबद्दल नाही, आडव्या साखळ्यांबद्दल आहे. एटीव्हीच्या टायरची नक्षी बुटकी आणि जवळजवळ असते, त्यामुळे आडवी साखळी नक्षीच्या वर राहते. ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी उंच, तिरकी आणि लांब लांब असते. लॅडर नमुन्याची साखळी चालता चालता सरकते आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन पडते. एकदा ती खाचेत गेली की जमिनीला लागतच नाही. टायर आपल्या नक्षीवर चालतो आणि साखळी नुसती ओझं म्हणून फिरते. शिवाय खाचेत चेपून तिच्या कड्या एकाच जागी घासतात. माझी साखळी तुटली ती तिथंच. तुटलेली कडी मी जपून ठेवली आहे. एका बाजूनं ती घासून निम्मी उरली आहे आणि दुसरी बाजू नवी कोरी आहे. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर "ओव्हरलोड केलं" म्हणाले. ट्रॉलीत पंधरा पोती होती. पंधरा पोती म्हणजे या ट्रॅक्टरला ओव्हरलोड होत नाही.

उपाय सुचवला तो परभणीच्या एका वेल्डिंगवाल्या मामांनी. त्यांनी चेन जमिनीवर पसरली, टायरकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हिला मधून उभ्या साखळ्या पाहिजेत. आडवी एकटी राहिली की खाचेत जाणारच." शेजारशेजारच्या आडव्या साखळ्यांना जोडणाऱ्या उभ्या साखळीच्या दोन ओळी त्यांनी टायरच्या रुंदीत बसवल्या. तुटलेल्या जागी नवी कडी टाकली. सगळे मिळून अठराशे रुपये घेतले. आता साखळी नक्षीच्या डोक्यावर राहते, खाचेत जात नाही. ट्रॅक्टरच्या टायरसाठी अशा जोडणीच्या आणि डायमंड नमुन्याच्या (तिरक्या चौकटींच्या जाळीसारख्या) चेन तयारही मिळतात. हे मला विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, त्याला टायरचा साइज आणि फोटो दोन्ही पाठवले होते.

त्यानंतर माझं मत बदललं, तेही लिहितो. ऑक्टोबरातल्या पावसात दुरुस्त केलेल्या चेननं राबडीत एकदाही दगा दिला नाही, आणि ओढ्याच्या उतारावर, जिथं आधी ट्रॅक्टर आडवा सरकायचा, तिथं तो जागेवर राहिला. चिकट मातीत मात्र ती आजही निकामी आहे. त्या दोन-तीन दिवसांत चेन काढून ठेवायची आणि वापशाची वाट बघायची. दुसरा इलाज मला सापडला नाही.

चेन ताणून धरणाऱ्या रबरी टेन्शनरबद्दल. चेनबरोबर आलेली रबरी कडी आखाड्याच्या पत्र्याखाली ठेवली होती, ती महिन्याभरात तडकली. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून, दोन्ही टोकांना एस आकाराचे हुक लावून त्या वापरतोय. फुकटात झालं आणि चांगलं टिकतंय. चेन बसवली की थोडं अंतर चालवून पुन्हा आवळावी लागते, हे माहितीपत्रकात लिहिलेलं अगदी खरं आहे. आतल्या बाजूचा हुक आधी लावा, मग बाहेरचा. चेन आखाड्यावर कोरड्यातच चढवा. चिखलात पडून ॲक्सलमागं हात घालून तो हुक लावणं फार अवघड आहे, एकदा करून बघितलं की कळतं. सिमेंटच्या किंवा डांबरी रस्त्यावर चेन काढूनच जा. रस्ताही खराब होतो आणि कड्याही झिजतात.

एक गोष्ट जिवाची आहे. ट्रॅक्टर फसला की मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधून पुढं जोर द्यायची आपल्याकडं सवय आहे. ते करू नका. लाकूड अडलं आणि चाक फिरेना झालं की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जातो, आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटायला क्षणाचाही वेळ लागत नाही. चेन लावलेली असतानाही एकदम क्लच सोडू नका, पकड चांगली असली की पुढची चाकं हलकी होतात. फसलात तर आधी ट्रॉली सोडा, मग रिव्हर्समध्ये, आल्या चाकोरीनं मागं या. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारा) टाकला असेल तर स्टीअरिंग सरळ ठेवा आणि बाहेर निघाल्याबरोबर लॉक सोडा.

पैशाचा हिशोब सांगायचा तर चेन, वेल्डिंग आणि मडगार्डचा पत्रा धरून पंधरा हजारांच्या जवळ गेलो. खाली मुरूम लागतो अशा पाणंदीतून ज्यांना पावसाळाभर रोज जायचंय, त्यांचे पैसे वसूल होतील. ज्यांची काळी माती खोल आहे, हात-दोन हात खोदूनही मुरूम लागत नाही, त्यांनी यात पैसे घालू नयेत, चेनला धरायला तिथं काही नसतं. विक्रेत्याविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बिल आणि घासलेल्या कडीचा फोटो जोडून. तुम्ही मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून शेतीच्या टायरवर बसवलेल्या चेनचा फोटो मागा आणि त्यात आडव्या साखळ्यांच्या मधे उभ्या साखळ्या दिसतात का ते बघा. एटीव्हीचा फोटो पाठवला तर ऑर्डर देऊ नका.