परग्रहशोधाचे पाच रविवार : दादरमधील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

दादर पश्चिमेला, स्थानकापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका सभागृहात सलग पाच रविवार भरलेला, अवकाश दुर्बिणींच्या साहाय्याने चालणाऱ्या परग्रहांच्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, शोधावरचा मराठी अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. वेळ सकाळी दहा ते दीड, शुल्क १,८०० रुपये, त्यात दोन वेळचा चहा आणि छापील टिपणे. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि ही मंडळी नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून हे काम करतात. पैसे वसूल झाले का, असे कोणी विचारले तर होकारच देईन. मात्र ते पाचपैकी तीन रविवारांतच वसूल झाले, हेही सांगेन.

पहिल्याच रविवारी शिकवणाऱ्या मॅडमनी प्रास्ताविकात वेळ न घालवता सभागृहाचे पडदे ओढून घेतले. एका टोकाला दुधी काचेचा, सुमारे अकरा सेंटीमीटर व्यासाचा गोल दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशमापक अशी मांडणी होती. बारीक तारेच्या टोकाला चिकटवलेला काबुली चणा त्यांनी दिव्याच्या काचेला जवळजवळ खेटून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेला. दिवा म्हणजे तारा आणि चणा म्हणजे त्याच्यासमोरून जाताना त्याचा थोडा उजेड अडवणारा ग्रह. दिवा सूर्य मानला तर गुरू साधारण या चण्याएवढा ठरतो. व्यास एक दशांश, म्हणून तबकडीचा शंभरावा भाग झाकला जातो. मापकावरचा आकडा हजारामागे दहाने उतरला आणि चणा पलीकडे गेल्यावर पुन्हा वर चढला. मग तारेच्या टोकाला राजगिऱ्याचा एक दाणा आला. ही पृथ्वी. आकड्यात काहीच फरक दिसला नाही. खरे तर शेवटचा अंक मघापासून स्वतःच वरखाली नाचत होता आणि राजगिऱ्याने झाकलेला बारा हजारांतला एक भाग त्या नाचात कोठे बुडाला ते कोणालाच कळले नाही. तारा स्वतःही असाच किंचित वरखाली होत असतो आणि मोजणारे यंत्रही, एवढेच मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर मधल्या वाटेत, नजरेच्या रेषेच्या थोडी खाली, एक पेटती शेगडी ठेवण्यात आली आणि आम्हांला फोनच्या कॅमेऱ्यातून तो दिवा मोठा करून पाहायला सांगितले. दिव्याची कड पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी थरथरत होती. एका शेगडीच्या उबेने ही अवस्था, तर कित्येक किलोमीटर जाडीच्या हवेतून येणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशात राजगिऱ्याची सावली कशी शोधणार? अवकाश दुर्बीण वातावरणाबाहेर का पाठवावी लागते, या प्रश्नाचे इतके नेमके आणि इतके स्वस्त उत्तर मी पूर्वी पाहिले नव्हते. घरी येऊन हा प्रयोग मी टेबलावरच्या दिव्यावर करून पाहिला, चण्यापर्यंत जमला.

दुसरा रविवार यंत्रांचा आणि इतिहासाचा होता आणि तो मला लांबलेला वाटला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला परग्रह १९९५ साली सापडला, त्याबद्दल मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना २०१९चे नोबेल मिळाले, १९९९ साली ताऱ्यासमोरून जाणारा परग्रह प्रथमच टिपला गेला, हा सगळा भाग टिपणांत व्यवस्थित छापलेला असताना तोच पडद्यावरून वाचून दाखवण्यात पाऊण तास गेला. त्यातच सभागृहाचे पंखे एवढा आवाज करतात की मागच्या तीन रांगांना अर्धे ऐकू येत नाही. ध्वनिक्षेपक होता, पण त्याची बॅटरी चहाच्या आधीच संपली.

केप्लर या अवकाश दुर्बिणीची गोष्ट मात्र मॅडमनी मन लावून सांगितली. मार्च २००९मध्ये निघालेल्या, प्रकाश आत घेणारे छिद्र ९५ सेंटीमीटरचे असलेल्या या दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांकडचा आकाशाचा एकच तुकडा निवडला आणि त्यातल्या दीड लाखाहून अधिक ताऱ्यांवर चार वर्षे नजर खिळवून ठेवली. एवढ्या ताऱ्यांची गरज का, याचा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला. परग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत आली तरच तो ताऱ्यासमोरून जाताना दिसणार, आणि सूर्यापासून पृथ्वीच्या अंतरावर असलेल्या ग्रहाच्या बाबतीत ही शक्यता सुमारे दोनशेत एक असते. शिवाय तो वर्षातून एकदाच समोर येणार, म्हणजे तीन वेळा पाहून खात्री करायची तर तीन वर्षे डोळा हलवून चालणार नाही. पुढे दुर्बिणीची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी एक २०१२ साली आणि दुसरे २०१३ साली निकामी झाले. लागत होती किमान तीन, उरली दोन. तेव्हा सूर्यप्रकाशाचा जो अत्यल्प दाब यानावर पडतो त्याच्याच आधाराने ते तोलून धरण्याची युक्ती अभियंत्यांनी काढली आणि इंधन संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१८पर्यंत, के-२ या नावाने मोहीम चालू ठेवली. आज खात्री पटलेल्या परग्रहांची संख्या ६,०००च्या पुढे गेली आहे आणि त्यांतले २,६००हून अधिक एकट्या केप्लरच्या खात्यावर आहेत.

पण हा अभ्यासक्रम ज्यासाठी करावा तो तिसरा आणि चौथा रविवार. तिसऱ्या रविवारी प्रत्येकाच्या हातात ट्रेसिंग कागदाची एक लांब पट्टी देण्यात आली. तिच्यावर केप्लरने टिपलेला, हॅट-पी-७ या ताऱ्याचा सुमारे महिनाभराचा प्रकाश-आलेख, म्हणजे त्याचा उजेड वेळेनुसार कसा बदलला ते दाखवणारा आलेख, छापलेला होता. ठिपक्यांची आडवी ओळ आणि तिच्यात ठरावीक अंतराने पडलेले तेरा-चौदा बारीक खड्डे, ग्रह समोर आल्याने उजेड उतरल्याच्या खुणा. या ताऱ्याचा ग्रह सव्वादोन दिवसांपेक्षा किंचित कमी वेळात एक फेरी पूर्ण करतो. मॅडम म्हणाल्या, "आता या पट्टीला साडीच्या निऱ्या घालतो तशा निऱ्या घाला. प्रत्येक निरी सारख्या रुंदीची आली पाहिजे." निऱ्यांचा गठ्ठा करून खिडकीच्या उजेडासमोर धरला की रुंदी बरोबर असल्यास सगळे खड्डे एकावर एक बसतात आणि एकट्याने पुसट दिसणारा खड्डा गडद, स्पष्ट होतो, रुंदी चुकली तर तेच खड्डे गठ्ठाभर विखुरतात. आलेख कालावधीनुसार दुमडणे म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर जे करतात ते एवढेच आहे. वर्गातल्या बायकांचे हे पाच मिनिटांत झाले. आम्ही पुरुष मंडळी बराच वेळ कागद चुरगळत बसलो होतो.

चौथ्या रविवारी बारा पट्ट्या मिळाल्या, पण त्यांवर ताऱ्यांची नावे नव्हती. एप्रिल २०१८मध्ये निघालेल्या टेस या दुर्बिणीची ही सर्वांसाठी खुली असलेली माहिती. टेसचे चार कॅमेरे आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस पाहतात आणि पुढे सरकतात. प्रत्येक भिंगाचे छिद्र जेमतेम साडेदहा सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढे. सुमारे १३.७ दिवसांच्या कक्षेत यान पृथ्वीच्या जवळ आले की साठवलेली माहिती खाली पाठवण्यासाठी निरीक्षण थांबते, म्हणून प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक कोरी जागा दिसते. "हा त्यांचा मेगाब्लॉक," असे मागून कोणीतरी म्हणाले आणि परतीच्या गाडीची चिंता असलेले आम्ही मध्य रेल्वेवाले तेवढे हसलो.

या बारांपैकी परग्रह कोणते ते सांगा, असा प्रश्न होता. मी सात निवडले. बरोबर निघाले तीन. पाचव्या पट्टीबद्दल तर माझी इतकी खात्री होती की मी तिच्यावर पेनाने टिकमार्कही करून ठेवला होता. निऱ्या सुबक पडल्या होत्या, खड्डे एकावर एक बसले होते, फक्त त्यांचा तळ थोडा पसरट, दुहेरी रेघेसारखा दिसत होता आणि ते मी छपाईवर ढकलले. मदतीला असलेल्या, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलीने गठ्ठा हातात घेतला, उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "काका, निरी अर्धी पडलीये. दुप्पट रुंद घ्या." दुप्पट घेतली तर एका निरीत दोन खड्डे आले, एक खोल आणि एक उथळ, सगळीकडे त्याच क्रमाने. म्हणजे तेथे ग्रह नव्हता. एकमेकांना आळीपाळीने झाकणारे दोन तारे होते, एक अधिक तेजस्वी आणि एक कमी. मी एकाआड एक खड्डे एकमेकांवर बसवून त्यांच्यातला फरक स्वतःच लपवला होता.

उरलेल्या तीन चुकांची कारणेही प्रत्येकी वेगळी निघाली. एका पट्टीवरचा खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार होता; ग्रह लहान असल्याने तो ताऱ्याच्या तबकडीवर पूर्ण आल्यावर खड्ड्याला सहसा सपाट तळ मिळतो, तसा तो नव्हता. दुसरीवर यानाच्या कॅमेऱ्यात शिरलेला पृथ्वीचा विखुरलेला प्रकाश होता. तिसरीत खड्डा खरा होता, पण त्या ताऱ्याचा नव्हता. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ कोनीय सेकंदांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सुमारे पंच्याऐंशीव्या भागाएवढा असतो आणि त्यात अनेक तारे एकत्र येतात. रात्री लांबून गिरगावातल्या चाळीकडे पाहावे, दिव्यांचा एकच पुंजका दिसावा आणि तो क्षणभर मंदावला तर कोणत्या बिऱ्हाडाचा दिवा गेला ते कळू नये, तशी ही गत. प्रकाशाचा मध्यबिंदू खड्ड्याच्या वेळी किंचित सरकतो का, ते तपासून खरा धनी शोधावा लागतो. अकराव्या पट्टीवर तर एकच खड्डा होता. निरी घालायला दुसरा खड्डाच नाही, म्हणून तिचे उत्तर "थांबा" असे होते, आणि ते वर्गात कोणीच लिहिले नव्हते.

एवढे करूनही खड्ड्यावरून कळतो तो आकार. वस्तू ग्रह आहे की नाही, हे तिचे वस्तुमान कळल्यावर ठरते आणि त्यासाठी ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते जमिनीवरून मोजावे लागते. येथे मॅडमनी अबू पर्वतावरच्या गुरुशिखर वेधशाळेतल्या पारस या वर्णपटमापकाचे, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे, उदाहरण दिले. के-२ मोहिमेत खड्डा दाखवणाऱ्या, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचा ग्रह अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने २०१८ साली याच यंत्राने पक्का केला. पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमान, सुमारे सहापट त्रिज्या आणि साडेएकोणीस दिवसांचे वर्ष. आपल्याकडची एवढी चांगली गोष्ट दीडच्या ठोक्याला, लोक पिशव्या आवरत असताना सांगितली गेली, ही माझी खरी तक्रार आहे.

तीच गत बिभाची. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१९ साली एका ताऱ्याला भारतातून सुचवलेले बिभा हे नाव दिले आणि त्याच्या ग्रहाला संतमस. हे नाव ज्यांच्यावरून दिले त्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून गेलेल्या. षडंश तारकासमूहातला हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा ग्रह दोन दिवसांहून थोड्याच अधिक वेळात फेरी मारतो. मुंबईतल्या वर्गात यावर दहा मिनिटे सहज देता आली असती. मिळाली एक स्लाइड.

पाचवा रविवार पाहुण्या वक्त्यांचा होता आणि तो घसरला. डिसेंबर २०२१मध्ये निघालेल्या, साडेसहा मीटर आरशाच्या जेम्स वेब दुर्बिणीने वॅस्प-३९ ब या ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड कसा ओळखला, येथपर्यंत ठीक होते. पुढे के-२-१८ ब या ग्रहावर सजीवांशी जोडल्या जाणाऱ्या एका वायूची चाहूल लागल्याच्या २०२५च्या दाव्यावर त्यांनी वीस मिनिटे घेतली, निळ्या समुद्राची काल्पनिक चित्रे दाखवली, आणि त्याच मोजमापांची फेरतपासणी करून इतर संशोधकांनी तो दावा टिकत नसल्याचे म्हटले आहे, हे एका वाक्यात उरकले. आदल्या रविवारी सातांपैकी चार टिकमार्क खोडून आलेल्या वर्गासमोर हे असे चालायला नको होते. प्रश्नोत्तरांत एका निवृत्त शिक्षिकांनी, "तुम्ही निरी किती रुंद घेतलीत?" असे विचारले, वक्त्यांना संदर्भ माहीत नव्हता, आम्हांला होता.

ज्यांना पुढच्या तुकडीत जायचे असेल त्यांनी पहिल्या दोन रांगांत जागा धरावी, चष्मा विसरू नये आणि रविवारच्या ब्लॉकचे वेळापत्रक आदल्या रात्री पाहून निघावे. दहावीपर्यंतचे गणित पुरते. संगणक लागत नाही. टिपणांत मराठी संज्ञा नेटक्या आहेत, पण आलेखांवरची अक्षरे मुंगीएवढी छापली आहेत, ती मोठी करावीत. दुसऱ्या रविवारचा इतिहास टिपणांवर सोपवून त्या जागी आणखी बारा पट्ट्या द्याव्यात, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले आहे. नुसत्या पट्ट्यांचा एखादा स्वतंत्र रविवार ठेवला तर त्याचे वेगळे शुल्क भरायलाही मी तयार आहे.