कारचं सर्व्हिसिंग: शोरूम, गॅरेज की घरी?
शोरूमचं बिल फुगतं ते मजुरीने आणि ‘इंजिन फ्लश’ (केमिकल घालून इंजिन आतून धुणं) यासारख्या जोडकामांनी, मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसेल तर सरळ नाही म्हणा. रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीनेच गाड्या परत बोलावणं) आणि वॉरंटीची कामं मात्र तिथेच. बाहेरच्या गॅरेजात मजुरी कमी, पण ऑइलचा ग्रेड आणि डब्याचं सील समोर उभं राहून तपासा, जुने पार्ट मागून घ्या.

एअर फिल्टर घरीच बदला, त्यासाठी मजुरी मोजणं म्हणजे उधळपट्टी. ऑइल बदलताना गाडी जॅक स्टँडवर (गाडी तोलून धरणाऱ्या पक्क्या आधारावर) हवी, नुसत्या जॅकवर नाही. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला) नवा वॉशर. जुन्या ऑइल फिल्टरचं रबरी गॅस्केट (सील करणारी रिंग) इंजिनला चिकटून राहिलं तर नव्याखाली दोन होतात आणि इंजिन सुरू होताच ऑइल धो धो बाहेर येतं. नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, फिल्टर हातानेच आवळा. ब्रेक फ्लुइड गॅरेजवर सोडा. एबीएसमध्ये (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राशिवाय) निघत नाही.