साधा पीआयआर की ड्युअल? मुंबईच्या घरात मोशन सेन्सर बसवण्याआधी

गणपतीत दहा दिवस गावाला जायचं म्हणजे घर बंद. सेफ्टी डोअरला कुलूप आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली, एवढ्यावर आमचं बरीच वर्षं भागलं. मग मुलुंडच्या तळमजल्यावरच्या घरात अलार्म बसवला, पाठोपाठ काकांच्या लालबागच्या गाळ्यात. दोन्हीकडे अडलो एकाच ठिकाणी: हालचाल टिपणारा साधा पीआयआर सेन्सर घ्यायचा, की जास्त पैसे मोजून ड्युअल, म्हणजे दोन सेन्सर एकत्र असलेला?

पीआयआर स्वतः कुठल्याही लहरी सोडत नाही, अंगाची उष्णता टिपतो. पुढची भिंग असलेली पांढरी पट्टी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडते आणि गरम शरीर एका भागातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर जागा होतो. म्हणून आडवा जाणारा माणूस लगेच सापडतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. हे मी स्वतः चालून पाहिलंय. मे महिन्यातली दुपार, खिडक्या बंद. दारातून सरळ सेन्सरकडे निघालो तर लाल दिवा लागला तो थेट टीपॉयपाशी. सोफ्यासमोरून आडवा गेलो, तर दुसऱ्याच पावलाला.

त्या दुपारी दिवा उशिरा लागण्यामागे उकाडाही होता. बंद खोलीतल्या भिंती तापून अंगाच्या उष्णतेजवळ पोचल्या की सेन्सरला माणूस आणि भिंत यांत फरक कमी दिसतो. दुकानदार इथेच ड्युअल पुढे करतात, आणि इथेच नीट विचार करायला हवा. ड्युअलमध्ये पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह, म्हणजे लहरी सोडून हलणारी वस्तू ओळखणारा सेन्सर असतो, पण सहसा दोघांनी एकदम ‘हो’ म्हटलं तरच भोंगा वाजतो. पीआयआर उकाड्यात मंदावला, तर ड्युअलही मंदावला. त्यामुळे तापणाऱ्या वरच्या मजल्यासाठी ड्युअल हे उत्तर नव्हे. तापमानाप्रमाणे संवेदनशीलता आपोआप वाढवणारा सेन्सर मागा, तो साध्यातही मिळतो.

ड्युअलचा खरा उपयोग खोटे अलार्म टाळण्यात. काकांच्या गाळ्यावर पत्रा आहे, शटरखालून गरम वारा येतो, संध्याकाळी उन्हाची तिरीप जमिनीवर सरकते. साध्या पीआयआरला यातलं काहीही चकवू शकतं. मायक्रोवेव्हला तिथे हलणारी वस्तू दिसत नाही, म्हणून तो गप्प राहतो. गाळ्यासाठी ड्युअल घेतला याचं मला पूर्ण समाधान आहे.

फ्लॅटमध्ये मात्र मायक्रोवेव्हची अडचण होते. त्याच्या लहरी काच, प्लायचं पार्टिशन, पातळ भिंत यांतून आरपार जातात. पलीकडे चालणारे शेजारी त्याला दिसतात, डक्टमधल्या पीव्हीसी पाइपातून वाहणारं पाणीसुद्धा. मग त्याचा ‘हो’ सारखा लागलेलाच, आणि तुम्ही जास्त पैसे देऊन साधा पीआयआरच वापरत असता. ड्युअल घेतलाच, तर आतल्या स्क्रूने त्याचा पल्ला खोलीपुरता कमी करून घ्या. बरेच वायरमन आपणहून करत नाहीत.

पालीपुढे दोन्ही प्रकार सारखेच. आम्ही गावी असताना रात्री अडीचला भोंगा वाजला, बिचाऱ्या काकू वॉचमनला घेऊन धावल्या. भिंगावर पाल होती. एवढ्या जवळून ती सेन्सरला माणसाएवढी भासते. मुंग्या आणि झुरळं तर वायरच्या भोकातून आतच शिरतात, तेव्हा ते भोक सिलिकॉनने बुजवायला सांगाच.

वायरचा की वायरलेस? भाड्याचं घर असेल तर वायरलेस, वाद नाही. स्वतःचं असेल तर मी वायरच घालीन: दर सेन्सरची बॅटरी बदलायची कटकट नाही आणि वीज गेली तरी अलार्मच्या पॅनेलमधली 12 व्होल्टची बॅटरी सगळ्यांना पुरवते. केबल सहा तारांची घ्या. दोन विजेच्या, दोन अलार्मच्या, दोन टॅम्परच्या, म्हणजे सेन्सरचं झाकण उघडलं की पॅनेलला कळवणाऱ्या. टॅम्परच्या दोन जोडल्या आहेत ना, हे स्वतः बघा. त्यांच्याशिवाय कुणी दिवसा झाकण उघडून ठेवलं तर कळणारही नाही.

पैसे बेताचे असतील तर आधी मुख्य दाराला मॅग्नेट (दार उघडलं की कळवणारा सेन्सर) लावा, मग हॉलमध्ये एक साधा पीआयआर. लॅमिंग्टन रोडला दोन्ही सहज मिळतं. उंची 7 ते 8 फूट, कोपरा असा की दारातून आत येणारा त्याच्यासमोरून आडवाच जाईल. खिडकीकडे तोंड नको, एसीच्या झोतात नको. काचेपलीकडचा माणूस पीआयआरला दिसत नाही, त्यामुळे बाल्कनीच्या बंद काचेवर रोखून काही साधत नाही.

काम झालं की खिडक्या बंद ठेवून भर दुपारी घरभर चालून बघा, बेडरूमच्या दारापासून आणि डक्टच्या खिडकीपासूनही. दिवा सगळीकडे लागला, की मगच वायरमनचे उरलेले पैसे द्या.