शिंजुकूच्या नाकाजिमातली तारली: आठ महिने खाल्ल्यावर

महिन्यातून दोनदा तरी जातोच, म्हणजे पंधरा-सोळा वेळा सहज झालं असेल, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. टोकियोत शिंजुकू-सानचोमे स्टेशनजवळ एका बिल्डिंगच्या तळघरात हे काप्पो नाकाजिमा नावाचं पारंपरिक जपानी हॉटेल आहे. मिशलिनचा एक स्टार बरीच वर्षं मिळवलेलं, मालकांचे आजोबा रोसानजिन या नामवंत कलाकार-खवय्याच्या होशिगाओका सार्यो या हॉटेलात मुख्य आचारी होते, असलं खानदानी प्रकरण. रात्रीचा कोर्स माझ्या पगारात बसत नाही. पण दुपारी मिळते फक्त इवाशी, म्हणजे आपल्या तारलीची बहीणच म्हणा, आणि भात, मिसो सूप, लोणचं धरून बिल हजार येनच्या आसपास. ऑफिसखाली रामेन खाल्लं तरी हल्ली तेवढे जातात.

मी मालवणकडचा. आमच्याकडे पाहुण्यांना कोणी तारली वाढत नाही, सुरमई-पापलेटचा भाव ऐकून मागे फिरायचं आणि मग तारलीचा वाटा घ्यायचा, असा तिचा मान. त्यामुळे पहिल्यांदा रांगेत उभा होतो तेव्हा हसूच येत होतं, स्टारवाल्या हॉटेलात येऊन तारली खाणार! जपानी चित्रलिपीत इवाशी लिहितानासुद्धा 'मासा' आणि 'दुबळा' ही दोन चिन्हं जोडतात, पाण्याबाहेर काढली की लगेच खराब होते म्हणून. आणि ती हे लोक कच्ची वाढतात. साशिमीला तोंड लावायला मला तीन महिने लागले, खोटं कशाला बोलू. आल्यासोबत सोया सॉसमध्ये बुडवून खाल्ली, अजिबात वास नाही.

सुरुवातीला मी दर वेळी फुराईच मागवायचो, ब्रेडक्रम्ब्स लावून तळलेली, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, नवख्या माणसाने हीच घ्यावी. यानागावा नाबे म्हणजे वरून अंडं सोडलेलं उकळतं भांडं, मूळ प्रकार दोज्यो नावाच्या माशाचा. घाईत तोंडात टाकलं आणि जीभ पोळली, दोन दिवस चहाची चव कळेना. यानागावावर सान्शो नावाचा मसाला भुरभुरायची पद्धत आहे, आणि हा सान्शो आपल्या तिरफळाच्याच कुळातला. वास आला आणि क्षणभर तिखलंच आठवलं.

पण आता विचाराल तर निझाकाना. सोया, साखर, आलं घालून शिजवलेली तारली, रस दाट, अंगाला चिकटलेला. आधी मला हे गोड लागायचं, जेवणात साखर कशाला असं वाटायचं, आता तो रस भातावर ओतून घेतो. काट्यांचं म्हणाल तर चॉपस्टिक्सने मासा सोडवायला मला चार-पाच खेपा लागल्या, शेजारचे आजोबा काटा ताटाच्या कडेला असा लावून ठेवत होते की मांजरालाही काही उरू नये. जूनमधली इवाशी वेगळीच असते, पावसाच्या तोंडावर चरबी धरलेली, तेव्हा साशिमी चुकवू नका.

रविवारी बंद असतं. शाकाहारी मंडळींनी जाऊच नये, सूपातही मासाच.

परवा आईला फोनवर निझाकाना कसं करतात ते सांगितलं. ती म्हणाली, "आणि कोकम?" नाही म्हटलं. "तिरफळ?" तेही नाही. थोडं थांबून म्हणाली, "मगे खाल्लंस कित्याक?"