फील्ड कॉइल स्पीकरचं हमिंग: कंडेन्सर बदलावेत, वेगळा सप्लाय द्यावा की चुंबकाचा स्पीकर बसवावा?

१९३० ते ४५ या काळातला व्हॉल्व्ह रेडिओ चालू झाला, स्टेशनं लागली, पण व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ थांबत नाही. या सेटांच्या स्पीकरला कायमचा चुंबक नसतो. त्याचं चुंबकत्व हजारो वेढ्यांच्या फील्ड कॉइलमधून येतं, आणि बहुतेक घरगुती सेटांत तीच कॉइल हाय टेन्शन सप्लायचा (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजचा) चोक, म्हणजे चढउतार गाळणारी कॉइल, म्हणूनही राबते. स्वतंत्र चोकचा खर्च वाचला, पण हमिंगला दोन वाटा मिळाल्या: एक हाय टेन्शनमधून ॲम्प्लिफायरमध्ये, दुसरी थेट चुंबकातून व्हॉइस कॉइलमध्ये (कोन हलवणाऱ्या कॉइलमध्ये). कोणता उपाय करायचा हे या दोनपैकी वाट कोणती, त्यावर ठरतं. ते न तपासता सामान विकत आणू नका.

तपासणी सोपी आहे. सेट बंद करून प्लग काढा आणि कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करा. आत तीनशे व्होल्टच्या आसपास असतात. व्हॉइस कॉइलची दोन्ही टोकं आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून सोडवून एकमेकांना जोडा. सोबत हम-बकिंग कॉइल (हमिंग खोडणारी छोटी कॉइल) असेल तर ती याच वर्तुळात राहू द्या. ट्रान्सफॉर्मरच्या मोकळ्या टोकांना चार ओहम, पाच वॉटचा रेझिस्टर लावून सेट सुरू करा. ॲम्प्लिफायरचा आता व्हॉइस कॉइलशी संबंध उरलेला नाही. तरीही घूं येत असेल तर ते चुंबकातून येतंय. शांत झालं तर दोष हाय टेन्शनमध्ये किंवा त्यापुढच्या सर्किटमध्ये आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कंडेन्सर. जुने इलेक्ट्रोलिटिक वाळलेले असतात, त्यामुळे ते बदलणं टळत नाहीच. पण कोणता कंडेन्सर काय करतो हे पाहा. कॉइल १० हेन्रीची धरली तर १०० हर्ट्झला तिचा अडसर सुमारे ६,३०० ओहम. तिच्यानंतरचा कंडेन्सर ८ मायक्रोफॅरडचा असेल तर २०० ओहम, म्हणजे रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो. तिथे २२ मायक्रोफॅरड बसवला तर ऐंशीव्या हिश्श्याच्याही खाली. ॲम्प्लिफायरच्या वाटेचं हमिंग एवढ्यानेच संपू शकतं.

कॉइलमधून वाहणाऱ्या रिपलवर मात्र या दुसऱ्या कंडेन्सरचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तो ठरतो कॉइलच्या आधीच्या, म्हणजे पहिल्या कंडेन्सरवर. सेट ७० मिलिअँपिअर ओढत असेल आणि पहिला कंडेन्सर ८ मायक्रोफॅरडचा असेल, तर ढोबळ हिशेबाने शिखरापासून शिखरापर्यंत ८७ व्होल्टच्या आसपास रिपल निघतो (प्रत्यक्षात थोडा कमी). हा कंडेन्सर भरमसाट वाढवावा असं वाटेल, पण ८० किंवा ५वाय३ क्रमांकाच्या रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला ते झेपत नाही. दर चार्जिंगला करंटचा धक्का वाढतो. मी १६ मायक्रोफॅरडच्या पुढे जाणार नाही. ४७ बसवून रेक्टिफायर मारण्यापेक्षा थोडं हमिंग परवडलं.

काही सेटांत फील्ड कॉइल ऋण बाजूला असते आणि तिच्यावरच्या व्होल्टेजमधून आउटपुट व्हॉल्व्हचा बायस (ग्रिडचं ऋण व्होल्टेज) घेतलेला असतो. तिथे पहिल्या कंडेन्सरचं ऋण टोक चॅसिसला नसतं. सवयीने ते चॅसिसला जोडलंत तर कॉइल त्या कंडेन्सरच्या चार्जिंगच्या वाटेत येते आणि हमिंग उलट वाढतं. त्यामुळे जुन्या कंडेन्सरची तार कुठे जात होती ते आधी लिहून ठेवा.

हम-बकिंग कॉइल पाहायला तर खर्च शून्य. फील्ड कॉइलला लागून मोजक्या वेढ्यांची ही कॉइल व्हॉइस कॉइलशी उलट्या दिशेने जोडलेली असते, म्हणजे दोघींत उमटणारं हमिंग एकमेकांना खोडतं. कोन बदलताना तारा उलटल्या असतील तर खोडण्याऐवजी बेरीज होते. तिची दोन टोकं अदलाबदल करून ऐका.

अमेरिकन सेट स्टेपडाउनवर (व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवणाऱ्यांची अडचण वेगळी. तो ६० हर्ट्झसाठी बांधलेला. आपल्या ५० हर्ट्झवर पहिल्या कंडेन्सरवरचा रिपल वाढतो आणि चोकचा अडसर घटतो. दोन्ही मिळून कॉइलमधला रिपल करंट जवळपास १.४ पट होतो. सगळं ठीकठाक असूनही असा सेट इथे थोडा जास्त घुमेल.

एवढं करूनही चुंबकातून हमिंग येत असेल तर वेगळा सप्लाय. माझ्या मते खरा इलाज हाच, पण काम दुहेरी आहे. १,५०० ओहमच्या कॉइलवर ७० मिलिअँपिअरला १०५ व्होल्ट पडतात, सुमारे ७.४ वॉट. एवढं नव्या सप्लायने द्यायचं आणि सेटमध्ये कॉइलच्या जागी चोक बसवायचा. चोक ३०० ओहमचा असेल तर उरलेले १,२०० ओहम रेझिस्टरने भरायचे, नाहीतर हाय टेन्शन वर चढेल. त्या रेझिस्टरवर सहा वॉट उष्णता होते, म्हणून तो २० वॉटचा घ्या. नव्या सप्लायमध्ये सिलिकॉन डायोड असल्याने १०० मायक्रोफॅरड बिनधास्त चालतो, आणि तेवढ्यानेच रिपल दहापटीहून अधिक घटतो. कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका. चालू कॉइलची तार सुटली तर तिच्यातून उसळणारं व्होल्टेज इन्सुलेशन फाडतं.

सिनेमागृहातले सुटे ड्रायव्हर असतील तर प्रश्नच नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५५५ चं फील्ड ७ व्होल्ट, १.५ अँपिअरचं; त्याला वेगळा सप्लाय लागतोच. तिथे निवड स्थिर व्होल्टेज की स्थिर करंट एवढीच. तांबं ४० अंशांनी तापलं की रेझिस्टन्स सुमारे १६ टक्के वाढतो, म्हणून स्थिर व्होल्टेजवर चुंबकत्व तासाभरात उतरतं. स्थिर करंटवर ते टिकतं आणि रिपलही दबतो. मी करंटच निवडेन, फक्त व्होल्टेजला वरची मर्यादा घालून.

कायम चुंबकाचा स्पीकर बसवणं मी फील्ड कॉइल जळालेली असेल आणि गुंडाळून देणारा कोणी मिळत नसेल तरच सुचवेन. चोक आणि रेझिस्टर इथेही लागतातच, त्यामुळे बचत वाटते तेवढी नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बहुधा जुन्या स्पीकरच्या सांगाड्यावर असतो, तो हलवावा लागतो, आणि नव्या स्पीकरचे ओहम त्याच्याशी जुळायला हवेत. काढलेला स्पीकर कॅबिनेटसोबतच ठेवा, तारांचे रंग लिहिलेली चिठ्ठी बांधून.