पेव्हर ब्लॉक बसवून घेतल्यानंतर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी उभी करायची जागा, फाटकापासून दारापर्यंतची वाट आणि घराच्या बाजूची अरुंद गल्ली, एवढ्यावर आम्ही सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. कडक ऊन, अख्खा पावसाळा आणि रोजची गाडीची ये-जा झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. काम संपलं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

आधी निकाल सांगते. गाडीची जागा जशीच्या तशी आहे, वाटही उत्तम. गल्लीत मात्र एक पट्टा खचला. ठेकेदार तोच, ब्लॉक तेच, मिस्त्रीही तोच. फरक होता तो ब्लॉकखालच्या कामाचा.

दर मागवले तेव्हा बहुतेकांनी मोबाईलवर रंग आणि डिझाइन दाखवायला सुरुवात केली. एकाने आधी विचारलं, "ताई, पावसाचं पाणी सध्या कुठे जातं?" मग पहार मागून दोन ठिकाणी जमीन उकरून पाहिली आणि जड गाडी आत येते का ते विचारलं. काम त्यालाच दिलं. त्याचा चौरस फुटाचा दर इतरांपेक्षा जास्त होता, पण नुसत्या दरावरून तुलना होतच नाही. खोदाई किती खोल, खडीचा थर किती, दबाई कशाने, कडेचे कर्ब, म्हणजे ब्लॉक बाजूला सरकू नयेत म्हणून काठाला बसवायचे पक्के ठोकळे, धरलेत का, निघालेली माती कोण उचलणार, हे कागदावर आलं की स्वस्त दर आपोआप वर चढतात. त्याचं जुनं काम बघायला गेले तेव्हा मुद्दाम दोन-तीन पावसाळे काढलेलं काम दाखवायला सांगितलं. तिथे बघायचं ते दोनच ठिकाणी: चाकं जातात त्या पट्ट्यांत आणि चेंबरच्या झाकणाभोवती.

गाडीच्या जागेत 80 मिमी जाडीचे ब्लॉक घेतले, वाटेवर आणि गल्लीत 60 मिमीचे. पाया नीट असेल तर साध्या मोटारीला 60 मिमीही चालतात, पण आमच्याकडे अधूनमधून मालाचा टेम्पो आत येतो. खाली सुमारे 150 मिमी खडी-मुरूम, तोही एकदम न ओतता दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट मशीन (थरथरत्या लोखंडी पत्र्याने दबाई करणारं यंत्र) फिरवलेलं. त्यावर 30 मिमीच्या आसपास जाड रेती, पट्टीने ओढून सपाट केलेली. खरी चलाखी इथेच होते. खडीची लेव्हल कुठे कमी पडली की कामगार रेती जास्त टाकून ती भरून काढतात. त्या दिवशी वर सगळं सपाट दिसतं, पण जिथे रेती जाड तिथे पुढे खड्डा पडतो. म्हणून रेती पडायच्या आधी मी दोरी लावून खडीची लेव्हल बघायला लावली. मिस्त्री वैतागला, पण दोन जागी खडी वाढवावी लागली. ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे साधारण 2 सेंमी. एवढा ढाळ डोळ्याला जाणवतही नाही, पण पाणी थांबत नाही.

गल्लीत नळाच्या पाइपसाठी चर खणला होता. तो बुजवताना ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेला होता आणि कामगारांनी माती एकदम ढकलून वरून धुम्मस आपटली. जोरदार पाऊस झाला आणि बरोबर चराच्या रेघेत ब्लॉक खचले. फोन केला की "उद्या येतो" हे पुष्कळदा ऐकलं. अखेर आला तेव्हा मात्र कुरकुर न करता ब्लॉक उचलले, चर थराथराने दाबला आणि तेच ब्लॉक परत बसवले. अर्ध्या दिवसाचं काम. काँक्रीट असतं तर फोडावं लागलं असतं आणि ठिगळ कायमचं दिसलं असतं.

बसवल्यावर काही आठवड्यांत ब्लॉकवर पांढरा खार फुटला. शेजाऱ्यांनी फसवणूक ठरवून टाकली आणि कोणीतरी ॲसिडने धुवायला सांगितलं. तसं काही करू नका. सिमेंटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पांढरा थर होतो. ब्लॉकच्या ताकदीला त्याने काही होत नाही. पावसाने आणि कोरड्या ब्रशने आमच्याकडचा बराचसा गेला. ॲसिडने ब्लॉकचा वरचा थर आणि रंग खराब होतो. चकाकीसाठी सीलर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक लेप, मारायचा असेल तरी हा खार पूर्ण थांबू द्या, नाहीतर तो सीलरखाली अडकून बसतो.

देखभालीत सगळं लक्ष सांध्यांतल्या रेतीवर. ही कोरडी बारीक रेतीच ब्लॉकना एकमेकांत अडकवून ठेवते आणि एकावरचा भार शेजारच्यांवर टाकते. ती गेली की ब्लॉक हलायला लागतात. प्रेशरच्या पाण्याने धुताना नोझल सरळ सांध्यात धरला की रेती भसाभस बाहेर येते, म्हणून तो तिरका आणि लांब धरायचा. मुंग्याही रेती उपसून छोटे ढीग लावतात. मी पावसाळा संपल्यावर, ब्लॉक खडखडीत वाळले की रेती पसरून झाडूने सांध्यात भरते.

गवताचं बी वरून येतं, वाऱ्याने, आणि सांध्यात साचलेल्या मातीत रुजतं. त्यामुळे ब्लॉकखाली प्लॅस्टिकचा कागद टाकायचा सल्ला मी नाकारला. गवत थांबत नाहीच, वर पाणी मुरायचंही बंद होतं. नियमित झाडलं की निम्मा त्रास वाचतो. गल्लीत सावलीमुळे शेवाळ आलं, निसरडं झालं होतं. ताठ ब्रशने घासलं आणि फांद्या छाटून ऊन येऊ दिलं. ऑइलचा डाग पडला की लगेच भुसा टाकायचा, पुसायचं नाही. पुसलं की तो पसरतो. भुश्याने शोषून घेतल्यावर भांड्याच्या साबणाने घासायचं.

उरलेले ब्लॉक ठेवून घ्या, आणि खोलीत नको, बाहेर उन्हातच. उद्या बदलायची वेळ आली तर रंग जुळतो.

याच ठेकेदाराला परत काम देईन, पण शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची अट आधीच घालून. चेंबरच्या कडेला त्याने कापलेले बारीक तुकडे लावलेत, ब्लॉकच्या पाव भागाएवढे, आणि ते आता हलतायत. एवढे छोटे तुकडे टिकत नाहीत. शेजारचा ब्लॉक कापून दोन मोठे तुकडे करायला हवे होते. ते बदलायला तो येणार आहे, उद्या.